केडगावचे पाणी : येते कोठून, जाते कोठे, आणि मध्येच ठरते कोणाचे?

वाचकहो, पाऊस सुरू झाला की आपण छत्री उघडतो आणि लांबला की आकाशाकडे पाहतो. त्यापलीकडे त्या पाण्याची विचारपूस करण्याची तसदी आपल्यापैकी फारच थोडे लोक घेतात. नळ आला, हंडे भरले, की पाण्याचा विषय संपला. नळ आला नाही म्हणजे मात्र नगरसेवकापासून नशिबापर्यंत सर्वांचा उद्धार होतो, आणि ज्या गावी नळ नाही तेथे कोणीतरी धोंडी काढतो, कोणी बेडकांचे लग्न लावतो. पाणी कोठून आले, किती आले, त्यातले आपल्या पायाखाली किती थांबले आणि थांबले ते कोणाच्या नावावर चढले, हे चार प्रश्न विचारणारा मनुष्य विरळा. आज हेच चार प्रश्न आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो, आणि त्यासाठी एकच गाव घेणार आहो.

ते गाव म्हणजे केडगाव. हे नाव वाचून पुण्याकडील वाचकांस पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनचे, दौंड तालुक्यातील केडगाव आठवेल. आमचे केडगाव ते नव्हे. पुण्याच्या रस्त्याने अहमदनगरात, म्हणजे २०२४ पासूनच्या सरकारी नावाने अहिल्यानगरात, शिरताना जे प्रथम लागते ते हे केडगाव. रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीत ठाऊक असलेले हे मूळचे शेतीचे गाव आज महापालिकेच्या हद्दीत मोडते. जेथे ज्वारी उभी राहत असे तेथे आता गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले असून त्यांवर घरे उठली आहेत. या बदलाचा आणि पाण्याचा काय संबंध, ते पुढे येईलच.

प्रथम पहिला प्रश्न. केडगावावर पडणारा जून-जुलैचा पाऊस येतो तो अरबी समुद्रावरून. सूर्याच्या तापाने समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते, मीठ खाली राहते आणि वाफ वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे निघते. पृथ्वीवरील सर्व पाण्यापैकी सुमारे साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारे आहे. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्याचा बहुतांश भाग बर्फाच्या रूपाने ध्रुवांकडे आणि हिमनद्यांत अडकलेला आहे. असे असता मनुष्यजातीस प्यावयास पाणी मिळते ते केवळ या अखंड चाललेल्या उचल-ठेवीमुळे. हवेत गेलेला पाण्याचा कण तेथे सरासरी आठ-दहा दिवसच टिकतो व पुन्हा खाली येतो. त्यास कोणा देवतेची आज्ञा लागत नाही आणि कोणाच्या यज्ञाचा धूरही लागत नाही. उष्णता मिळाली की वाफ, वाफ थंडावली की थेंब. कारण असेल तर कार्य होते, कारण नसेल तर होत नाही. एवढी साधी गोष्ट ज्याच्या ध्यानी आली त्याच्या घरून पर्जन्ययागाची वर्गणी जाणे बंद झाले पाहिजे.

परंतु ही वाफ केडगावास पोहोचण्यापूर्वी सह्याद्री आडवा येतो. वारा डोंगरावर चढतो, थंड होतो आणि आपले ओझे तेथेच टाकतो. याचा पुरावा पाहण्यास जिल्हा ओलांडण्याचीही गरज नाही. याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, कळसूबाई आणि रतनगडाच्या आसऱ्याला असलेल्या घाटघर-रतनवाडीकडे, वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला नगरकडे यावे तो हाच पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरवर उतरतो. एकच जिल्हा, एकच कलेक्टर, आणि एका टोकाला पाण्याने घरे गळतात तर दुसऱ्या टोकाला विहिरीचा तळ दिसतो. डोंगर ओलांडून आलेला वारा खाली उतरताना तापतो व कोरडा होतो. म्हणून आमच्या आकाशात आषाढात ढग पुष्कळ दिसतात आणि पडत मात्र काही नाही. अनोळखी पाहुण्यास याचे नवल वाटते, नगरकरांस वाटत नाही.

मग आम्ही जगतो कशावर? जुन्या शेतकऱ्यास विचारा, तो सांगेल : उत्तरा आणि हस्तावर. नगरच्या वर्षभराच्या पावसात बहुधा सर्वांत मोठा वाटा सप्टेंबर महिन्याचा असतो, आणि रब्बीच्या ज्वारीचे भवितव्य त्या महिन्यातच ठरते. हा पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब कमी होऊन ढगांचे जे कडे तयार होते ते भूमीवरून पश्चिमेकडे सरकत आपल्यापर्यंत पोचते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण केडगावच्या ओढ्यातून वाहून गेलेले पाणी शेवटी त्याच उपसागरास मिळते. ओढा सीनेत, सीना भीमेत, भीमा रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी समुद्रात. म्हणजे पश्चिम समुद्राचे पाणी आमच्या दारावरून पूर्व समुद्रास जाते, आणि तेथून त्यातले काही पुन्हा हस्ताच्या पावसात आमच्याकडे येत असेल. सीना भीमेस जेथे मिळते त्या सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक नगरच्या नदीकाठी सापडावा, एवढेच नमूद करून पुढे जातो.

आता दुसरा प्रश्न, किती? आकडे कंटाळवाणे असतात अशी समजूत आहे. ती आकडे ज्यांच्या सोयीचे नसतात त्यांनी पसरविलेली आहे. वर्षाला ५६० मिलिमीटर पाऊस धरला तर एका गुंठ्यावर सुमारे ५६ हजार लिटर पाणी पडते. एका एकरावर साडेबावीस लाख लिटर. पाचशे चौरस फूट छपराचे घर घेतले तर त्या छपरावरच वर्षाकाठी २६ हजार लिटर उतरते. सरकारी नळयोजनेत खेड्यातील माणशी रोजचे ५५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला एक लाख लिटर लागते. अर्थात नगरसारख्या कमी पावसाच्या गावीसुद्धा लहानशा घराच्या डोक्यावर त्या घराच्या गरजेचा चौथा हिस्सा आपण होऊन येऊन पडतो, आणि आपण तो पन्हाळीतून रस्त्यावर सोडून देतो. नंतर टँकर मागवितो.

सगळेच पाणी हाती लागत नाही हे खरे. पडलेल्या पाण्याच्या तीन वाटा होतात. एक वाट पुन्हा आकाशाची : ऊन, वारा, गवत, झाड आणि उभे पीक यांच्या वाटे पाण्याचा फार मोठा भाग परत वाफ होऊन जातो. नगरच्या उन्हात वर्षभरात जेवढे पाणी उडू शकेल ते पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणूनच उघड्यावरील तळे येथे मार्गशीर्षात भरलेले दिसते आणि वैशाखात भेगाळते. दुसरी वाट ओढ्याची. तिसरी वाट जमिनीच्या आत जाण्याची, आणि आमच्या मते सर्व कथानक या तिसऱ्या वाटेवरच अडलेले आहे.

मराठी भाषेत एक गंमत आहे. व्यवहारात काही काळेबेरे असले म्हणजे ‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण म्हणतो. भिंतीत पाणी मुरू नये या घरमालकाच्या काळजीतून हा वाक्प्रचार आला असावा. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र मुरलेले पाणी हेच खरे पाणी. पण ते मुरते कोठे? आमच्या पायाखालचा दगड हा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे पृथ्वीच्या पोटातील तप्त रस थरांवर थर ओतला गेला आणि त्यातून दख्खनचे पठार झाले. हा दगड वाळूसारखा पाणी पिणारा नाही. वरचा कुजलेला मुरूम, दगडातील भेगा, आणि दोन थरांच्या मधली सच्छिद्र पट्टी, एवढ्याच जागी त्यात पाण्यास थारा मिळतो. पडलेल्या पावसाचा दहावा-आठवा हिस्सा आत गेला तरी तो भाग्याचा. त्याखालचा सलग पाषाण जवळजवळ कोरडाच. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांवर थांबत, त्यात पूर्वजांचा आळस नव्हता. पाणी तेवढ्यातच असे. आज चारशे-पाचशे फूट बोअर घेणारा मनुष्य बहुधा नवे पाणी शोधत नाही. तो वरच्याच भेगांतून शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारे पाणी आपल्या खोल नळीत ओढून घेतो, किंवा फार जुन्या काळी अडकून राहिलेले थोडेसे पाणी एकदाच उपसून मोकळा होतो. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, ही म्हण बोअरलाही लागू आहे. फरक इतकाच की बोअरचा आड दिसत नाही.

नगरच्या जुन्या राज्यकर्त्यांनी हे ओळखले होते. १४९० नंतर निजामशाहीने सीनेच्या काठी हे शहर वसविले, त्यास पाणी दिले ते मातीच्या खापरी नळांनी. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांकडील डोंगरपायथ्याचे पाझर विहिरींत धरून, केवळ जमिनीच्या उतारावर ते महालांपर्यंत व बागांपर्यंत आणलेले होते. त्या नळांस वीज लागत नव्हती. आजचे नगर पाणी पिते ते राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे. मुळा हरिश्चंद्रगडाच्या मुलखातून येते. ती प्रवरेस मिळते आणि प्रवरा टोक्याजवळ गोदावरीस मिळते. तेव्हा वाचकांनी ही मौज ध्यानात घ्यावी : केडगावचे घर पाणी पिते गोदावरीच्या खोऱ्याचे आणि सांडते ते सीनेवाटे भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात. मधली पाणलोटाची रेषा ओलांडण्यास मुळानगर आणि विळद येथील पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. तेथील वीज गेली की शहराचे पाणी गेले. स्वतःच्या डोक्यावर पडलेले पाणी वाहून घालवावयाचे आणि दुसऱ्या खोऱ्यातले पाणी विजेने उपसून आणावयाचे, यास प्रगती म्हणावे काय? आणि आणलेल्या पाण्याचे सांडपाणी सीनेत सोडले जाते. उन्हाळ्यात सीनेच्या पात्रात जे वाहताना दिसते, त्यास नदी म्हणण्यापूर्वी नाकाचा सल्ला घ्यावा. याच नदीच्या काठी, खाली जामखेड तालुक्यात, चौंडी हे गाव आहे. तेथे अहिल्याबाईंचा जन्म झाला. ज्या बाईने देशभर विहिरी आणि घाट बांधले तिचे नाव जिल्ह्यास दिले गेले. सीनेस काय दिले जाते ते वर सांगितलेच.

येथवर आम्ही निसर्गाचा हिशेब सांगितला. आता मनुष्याचा. आणि येथे महाडचे स्मरण केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण पाण्याच्या फेऱ्याविरुद्ध मनुष्याने केलेली सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत क्रूर गोष्ट त्या गावी उघडकीस आली.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पाण्यावर मात्र नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे : शेण, गोमूत्र, दूध, दही कालविलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून मंत्रघोषाने तळे ‘शुद्ध’ केले. आता पाण्याचा जो फेरा आम्ही वर वर्णिला तो डोळ्यांपुढे ठेवून या विधीकडे पाहा. ज्या तळ्यात सगळ्या गावाच्या उतारावरचे पाणी येते, ज्यात गुरे उतरतात, ज्यातले पाणी वैशाखात वाफ होऊन उडते आणि आषाढात पुन्हा उतरताना ब्राह्मणवाडा व महारवाडा असा भेद जाणत नाही, ते पाणी एका माणसाच्या ओंजळीने विटाळते! त्या वर्षी महाडच्या सोवळ्या घराच्या कौलांवर पडलेल्या पावसातील कोणता थेंब पूर्वी कोणाच्या ओंजळीतून, कोणाच्या घामातून वर गेला होता, हे कोणत्या भटजीने तपासून घेतले होते? अस्पृश्यतेच्या बाजूने धर्मशास्त्र काहीही सांगो. पावसाचा एक थेंब तिच्या विरुद्ध साक्ष देण्यास पुरेसा आहे.

पण आमचा मुद्दा याच्याही पुढचा आहे. तळ्याचे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा विटाळाच्या जोडीला दुसरा एक दावा करण्यात आला. हे तळे सार्वजनिक नाही, ते चौधरी तळे असून आमच्या खाजगी मालकीचे आहे, असे फिर्यादींचे म्हणणे होते. म्हणजे स्पर्शाचा आक्षेप टिकेना तर मालकीची ढाल पुढे केली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने अखेरचा निकाल देऊन फिर्यादींचे अपील फेटाळले. तेथे दोन्ही शस्त्रे बोथट झाली. पुढे १९५० च्या संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नामनिर्देश करून तेथील मज्जाव बंद केला, आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने त्यास शिक्षा सांगितली. स्पर्शाचे शस्त्र कायद्याने काढून घेतले. (व्यवहारात ते अजून कोठे कोठे म्यानाबाहेर येते, हे या पाक्षिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.) मालकीचे शस्त्र मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले.

ते कसे, ते पाहा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असे गृहीत धरले आहे की, ठरावीक प्रवाहाने न वाहणारे जे पाणी जमिनीखाली आहे ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाचा. इंग्लंडच्या कायदेपंडितांनी एका काळी जमिनीखालचे पाणी कसे वाहते ते कोणासही कळत नाही असे समजून जो नियम केला, तो आमच्या काळ्या पाषाणावर लादला गेला. पाणी समुद्रावरून आले, डोंगरावरून आले, गायरानावर आणि गावठाणावर पडले, दलितवस्तीच्या छपरावर पडले, मुरत मुरत खाली गेले. आणि ज्या क्षणी ते कोणाच्या सातबाऱ्याखाली पोचले त्या क्षणी त्याचे झाले! ज्याच्याजवळ जमीन नाही त्याचा या साऱ्या फेऱ्यात एकच हक्क उरतो : पावसात भिजण्याचा.

आणि जमीन कोणाकडे नाही, हे या पाक्षिकाच्या वाचकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणले. वतने प्रत्यक्ष रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. मधल्या काळात आणि नंतरही त्या जमिनींचे काय झाले, ही प्रत्येक गावची निराळी कहाणी आहे. बहुतेक गावांत ती सारखीच संपते.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ते लोक आज साठी-सत्तरीच्या पलीकडे आहेत. त्या साली नगर जिल्ह्यातही दुष्काळी कामे निघाली. पाझर तलाव, नालाबांध, समपातळी चर, रस्ते. हजारो स्त्री-पुरुषांनी माती उपसली, खडी फोडली. त्यांत बौद्ध, मांग, चांभार, वंजारी, भिल्ल, आणि जमीन असूनही दाणा नसलेले मराठा-माळी कुटुंबांतले लोकही होते. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्मास आला. महाराष्ट्रास त्याचा अभिमान वाटावा, आणि आम्हासही वाटतो. पण एक प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. पाझर तलावात साठलेले पाणी पाझरून गेले कोठे? ते गेले खालच्या बाजूच्या विहिरींत, आणि विहिरी होत्या जमीनवाल्यांच्या. ज्या मजूर बाईने डोक्यावर पाट्या वाहून तो बांध घातला तिला दिवसाची मजुरी मिळाली. ती मजुरी त्याच महिन्यात संपली. तिने अडविलेले पाणी मात्र पन्नास वर्षे दुसऱ्याच्या विहिरीत पाझरत आहे. निसर्गाच्या फेऱ्यात तिने स्वतःच्या हाताने एक नवा दुवा घातला, आणि त्या दुव्यावर तिचा शून्य हक्क! यात कोणा एका शेतकऱ्याचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. विहिरीत पाणी आले तर तो बिचारा काय करील? दोष त्या समजुतीचा, की पाणी जमिनीच्या पाठोपाठ गेलेच पाहिजे.

ही समजूत मोडता येते. ती मोडूनही दाखविलेली आहे. त्याच दुष्काळानंतर, पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे या अभियंत्याने देवस्थानची ओसाड माळजमीन भाडेपट्ट्याने घेऊन तेथे पाणी अडविले व मुरविले, आणि त्या अनुभवावरून पाणी पंचायतीचे नियम बसविले. जमीन किती त्यावर नव्हे, तर घरात माणसे किती त्यावर पाण्याचा वाटा; माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि कुटुंबास वरची मर्यादा; ऊस लावावयाचा नाही; आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. शेवटचा नियम वाचकांनी पुन्हा एकदा वाचावा. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी स्वतः बांधलेल्या बळीराजा धरणाच्या वेळीही भूमिहीनांच्या वाट्याचा विचार झाला. भूमिहीन मनुष्य पाणी घेऊन काय करणार, अशी थट्टा तेव्हा झाली असेल, आजही होईल. तो ते पाणी जमीनवाल्यास देऊन पिकात भागी मागेल. चार भूमिहीन मिळून पडीक जमीन खंडाने घेतील आणि भिजवतील. ज्याच्या हाती पाणी आहे त्यास दाराबाहेर उभे राहून बोलावे लागत नाही. थट्टा करणाऱ्यास नेमके हेच नको असते.

घरच्या जवळचे उदाहरण हवे तर केडगावापासून फार लांब नसलेले, नगर तालुक्यातलेच हिवरे बाजार आहे. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केडगावाहूनही कमी. १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने डोंगरावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही असे ठरविले आणि वर्षाच्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडण्यास सुरुवात केली. पाऊस किती, मुरला किती, पिण्यास किती, गुरांस किती, आणि मग उरेल त्यात कोणते पीक. हा ताळेबंद पंचायतीच्या भिंतीवर लागतो, हे आम्हास झाडांपेक्षाही महत्त्वाचे वाटते. आमची सूचना अशी की अशा प्रत्येक ताळेबंदात आणखी एक ओळ असावी : भूमिहीनांचा वाटा किती. ती ओळ जेथे लिहिली जाईल तेथे आम्ही स्वखर्चाने जाऊन पाहू.

उसाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण नगर हा साखरेचा जिल्हा. १९५० साली प्रवरेच्या काठी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि या पिकाने जिल्ह्याचे राजकारणही पिकविले. उसास वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते. नगरच्या पावसाच्या मापाने एक एकर उसास साडेतीन एकरांवर पडणारा सगळाच्या सगळा पाऊस लागतो, एक थेंब न उडता व न वाहता. कालव्याखाली ऊस असणे हा एक वाद आहे; विहिरीवर आणि बोअरवर ऊस असणे म्हणजे शेजारच्या तीन एकरांचे पाणी पिणे आहे. ते तीन एकर ज्यांचे आहेत त्यांना कोणी विचारलेले नसते.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळले, तेव्हा पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. नदीचा विचार प्रांताच्या सीमेने नव्हे तर सबंध खोऱ्याने केला पाहिजे, या दिशेने त्या वर्षांत पावले पडली. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी झाली. आणि त्याच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची रूढ कथा नाकारून शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. सिद्धार्थाने संघात सुचविले ते असे : आपण दोघे निवडू, कोलीयांनी दोघे निवडावेत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. ती सूचना मतास टाकली गेली आणि हरली. पाण्याच्या प्रश्नावर ज्या संघात विवेक हरला तो संघ सोडून एक तरुण बाहेर पडला, असे आपला ग्रंथ सांगतो. तेव्हा पाण्याचा विषय धम्माच्या पाक्षिकात कशाला, असा कोणी प्रश्न केला तर त्यास उत्तर देण्याचे आम्हास कारण दिसत नाही.

आता पुन्हा केडगावास येऊ. शेत असताना तेथील एका गुंठ्यावर पडलेल्या ५६ हजार लिटरांपैकी पाच-सात हजार तरी मुरत असतील. त्याच गुंठ्यावर घर झाले, अंगणात फरशी झाली, बोळात सिमेंट झाले, म्हणजे मुरणे जवळजवळ संपले आणि वाहणे वाढले. मग मोठा पाऊस झाला की तेच पाणी सखल भागातल्या घरांत शिरते. सखल भागात आणि ओढ्याच्या काठी कोण राहतात, ते वाचक जाणतात. पाऊस सरला की त्याच घरांच्या बोअर कोरड्या पडतात, आणि ज्यास परवडते तो आणखी शंभर फूट खाली जातो. हवा तापत चालली आहे. एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. त्यामुळे पाऊस पडेल तेव्हा दणकून पडेल आणि मधले कोरडे दिवस लांबतील, असे हवामानशास्त्रज्ञ सांगतात. उतारावरच्या गरिबास हे दोन्हीकडून बाधणार.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला, त्यास २०१३ मध्ये संमती मिळाली आणि १ जून २०१४ पासून तो लागू झाला. साठ मीटरहून खोल विहिरींवर बंधन, पाणलोट क्षेत्राची समिती, पाण्याच्या वापराची आखणी, हे सर्व त्यात लिहिलेले आहे. समित्या असल्या तर त्यांत भूमिहीनांचा आणि वस्तीवरील स्त्रियांचा प्रतिनिधी आहे काय, हे विचारणे आपले काम आहे. ते दुसरा कोणी आपल्यासाठी करणार नाही.

विचारण्याची वेळही ठरलेली आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबरची मोजणी पाऊस सरल्यानंतरची. पावसाने जमिनीत काय ठेवले ते त्या एका आकड्यात दिसते. वाचकांनी आपल्या परिसरातील निरीक्षण विहीर कोणती, ती कोणाच्या रानात आहे, आणि गेल्या दहा ऑक्टोबरांत तिची पातळी काय होती, एवढे तीन प्रश्न लेखी अर्जाने विचारावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे, आणि अर्जाची फी दहा रुपये. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवावीत. केडगावापासून सीनेच्या काठाकाठाने खाली जेवढ्या गावांचे आकडे येतील तेवढे आम्ही एका कोष्टकात छापू, आणि त्या कोष्टकाच्या अखेरच्या रकान्यात गावातील भूमिहीन कुटुंबांची संख्या देऊ.